डिकीचं झाकण

सरांच्या गाडीच्या डिकीचं झाकण गेल्या वर्षी माझ्या हातून मोडलं. ही गोष्ट मी जवळजवळ दीड महिना सरांना सांगितली नाही, आणि शेवटी त्यांना ती कळली तीही माझ्या तोंडून नाही.

सर म्हणजे आमच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक. दहावीनंतर मी मुंबईला काकांकडे जाऊन मिळेल ते काम धरायचं असं घरात ठरलं होतं. आमच्या वाडीतली सगळीच मुलं तशी जात. निकालानंतर सर आमच्या घरी आले, पडवीत बसले, पेलाभर पाणी प्यायले आणि बाबांना म्हणाले, "हा माझ्याकडे राहील." पुढची पाच वर्षं मी रत्नागिरीत सरांच्या मागच्या खोलीत राहिलो, सरांच्या पत्नीच्या, काकूंच्या हातचं जेवलो आणि बी.कॉम. झालो. आमच्या घरात, दोन्ही अंगांनी, मी पहिला पदवीधर. आज जयगडला बंदरावर एका कचेरीत जहाजांच्या मालाचे कागद तपासतो. हे सगळं त्या पेलाभर पाण्यापासून सुरू झालं आणि मी ते कधी विसरलेलो नाही. म्हणूनच झाकणाचं तोंडाबाहेर काढता येईना.

गाडी खरं म्हणजे सरांच्या धाकट्या भावाची. ते आखातात होते. कायमचे परत आले तेव्हा त्यांनी ही जपानी गाडी जहाजातून बरोबर आणली. फिकट निळी, लांबोडकी, मागे मोठी डिकी. पुढे भाऊ वारले आणि गाडी सरांच्या अंगणात आली. सरांना गाडी चालवता येत नाही. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनीच मला चालवायला शिकायला लावलं. महिन्यातून एका रविवारी मी सरांना आणि काकूंना भाट्याच्या किनाऱ्यावर घेऊन जायचो. सर पुढे बसायचे, काच खाली करायचे आणि कोपर बाहेर काढायचे. मुख्याध्यापक असताना त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "धाकटा असाच बसायचा," ते एकदा म्हणाले.

जुन्या गाडीचं दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंग करून घ्यावं लागतं. गेल्या वर्षी ते मेअखेर संपत होतं. पुण्याला असलेल्या सरांच्या मुलीने फोनवर निक्षून सांगितलं होतं, "बाबा, पास झाली तर ठेवा. नाही झाली तर भंगारात द्या. अंगण तरी मोकळं होईल." सर म्हणाले, "होईल की पास. आपला माणूस आहे." आपला माणूस म्हणजे मी.

एप्रिलमध्ये सर म्हणाले, "पासिंगच्या आधी एकदा लांबची चक्कर मारून आण. बॅटरीला बरं." लांबची म्हणजे त्यांच्या मनात पावस गावापर्यंत असावी. मी गाडी हातखंब्याच्या फाट्यावरून आत वळवली आणि आमच्या गावाला नेली. न विचारता. बाबांनी मला आजवर एस.टी.तून उतरताना पाहिलं होतं, कुणाच्या तरी मोटारसायकलच्या मागून उतरताना पाहिलं होतं. सरांच्या गाडीतून उतरताना एकदा पाहावं, एवढंच मनात होतं.

वाडी जमली. आईने बॉनेटला हळदकुंकू लावलं. बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून गाडी पुढून मागे पुसली, नंतर मागून पुढे. शेजारच्या काकी म्हणाल्या, "गुरुजींनी दिलान काय रं तुला?" मी नुसता हसलो. नाही म्हणालो नाही.

परत निघताना पंचाईत झाली. आमच्या घराकडे येणारी वाट दोन गडग्यांमधून, म्हणजे रचलेल्या दगडी कुंपणांमधून येते आणि वळायला जागा नाही. रस्त्यापर्यंत रिव्हर्स न्यायची होती. बाबा म्हणाले, "मी हाय ना मागं. तू बिनघोर येव दे."

बाबांनी उभा जन्म बैलगाडी हाकली. बैलगाडीत चाक हे सगळ्यात बाहेर असतं. चाक सुटलं की गाडी सुटली. ते वाटेच्या टोकाला ओणवे होऊन माझ्या मागच्या चाकाकडे बघत होते आणि हात हलवून सांगत होते, "सुटतंय, चाक सुटतंय, येव दे." चाक खरोखरच सुटत होतं. चाकाच्या मागे आणखी तीन-साडेतीन फूट गाडी आहे, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. गडग्याच्या तोंडाशी चिऱ्याचा खांब आहे. कौल फुटल्यासारखा आवाज झाला.

मी खाली उतरलो. झाकणाचा डावा कोपरा आत गेला होता, मधोमध घडी पडली होती आणि निळ्या रंगाच्या खपल्या चिऱ्यावर सांडल्या होत्या. नंबर प्लेट लोंबत होती. बाबा खांबाकडे बघत होते, मग गाडीकडे, मग परत चाकाकडे. चाक खांबापासून चांगलं लांब होतं.

"मना काय म्हायती," ते हळूच म्हणाले, "तिचा ढुंगाण येवढा लांब हाय ता."

वाडीतलं कुणीतरी हसलं. बाबा नाही हसले. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, रजा टाकून मी गाडी गावाहून थेट मिरजोळ्याला एमआयडीसीत नेली. तिथे पत्राकाम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत, जुन्या गाड्या त्यांच्याकडेच जातात. सरांना फोनवर सांगितलं, पासिंगआधी सर्व्हिसिंगला टाकली आहे. ते पहिलं खोटं.

मिस्त्रींनी झाकणावर बोटाच्या पेराने टकटक केलं, जशी बायका फणसावर करतात. "साहेब, ह्यात पत्रा किती आणि लांबी किती?" त्यांनी विचारलं. लांबी म्हणजे रंगाच्या आधी खड्डे बुजवायला लावतात तो लगदा. "खाऱ्या वाऱ्याने पत्रा कधीच खाल्लाय. ह्यांनी वर्षानुवर्षं लांबी चोपडून रंग मारलाय. ही गाडी नाय, भिंत हाय. ठोकून सरळ होणार नाय. दुसरं झाकण आणा, मी बसवतो."

"आणि असंच पासिंगला नेलं तर?"

"नंबर प्लेट कशावर लावणार? कपाळावर?"

त्यांनी झाकण बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. "हे घेऊन जा. इथं ठेवलात तर भंगारवाला उचलील." माझ्या रत्नागिरीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत ते ठेवायला जागा नव्हती, आणि सर कधीमधी सहज चक्कर मारत. म्हणून मी ते पुढच्या खेपेला गावी नेऊन पडवीत ठेवलं. तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मग शोध सुरू झाला. कोल्हापूरला फोन केले, पणजीला केले. गाडीचं नाव सांगितलं की पलीकडून "कुठलं साल?" आणि साल सांगितलं की "सोडून द्या." मोबाइलवर एका परदेशी विक्रेत्याकडे नेमकं तेच झाकण सापडलं. तोच रंग, तीच कड, त्या नंबर प्लेटच्या खाचेसकट. मी ते चित्र रोज उघडून बघायचो. तो माणूस भारतात पाठवत नव्हता. आमच्या कचेरीतल्या वरिष्ठांना मी भीत भीत विचारलं, कसं आणता येईल. त्यांनी नियम समजावून सांगितले, शांतपणे, अर्धा तास, आणि शेवटी म्हणाले, "एका झाकणासाठी?" खिडकीतून समोर जहाज दिसत होतं. एका जहाजातून उतरलेला कोळसा हलवायला गाड्यांच्या रांगा लागतात. त्याचे सगळे कागद माझ्या टेबलावरून जातात. आणि अडीच हात रुंद पत्र्याचा एक तुकडा मला समुद्रापलीकडून आणता येत नव्हता.

माझा चुलतभाऊ मुंबईला असतो. तो सुट्टीच्या दिवशी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जायला लागला. तिथून फोन करायचा.

"दादा, इकडं गाडीचं नाव सांगितलं की लोक चहा पाजतात."

"का?"

"कीव येते. एक म्हातारा म्हणाला, बसा, अशी गाडी मी शेवटची कापली तेव्हा माझे दात होते."

तरी तो जात राहिला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा आवाज चढलेला आला. "मिळालं! रंग हिरवा आहे, पण नाव तेच. रात्रीच्या गाडीत टाकतो, उद्या हातखंब्याला उतरवून घे."

सकाळी उजाडता उजाडता मी हातखंब्याला उभा होतो. गाडी आली. क्लीनरने गोणपाटात गुंडाळलेला तो पसारा बाहेर ढकलला आणि म्हणाला, "काय मागवलात हो हे? पनवेलपासून माझे पाय त्याच्याखाली आहेत." मी त्याला चहा पाजला. रिक्षाच्या मागच्या सीटवर ते आडवं घातलं, दोन्ही बाजूंनी बाहेर आलं, आणि मी त्याला मिठी मारून मिरजोळ्यापर्यंत गेलो. त्या पाऊण तासाइतका आनंदी मी त्या दीड महिन्यात दुसऱ्या कुठल्या वेळी नव्हतो.

मिस्त्रींनी ते डिकीवर ठेवलं, डोळा बारीक करून बघितलं, मग बोटं लावून मोजलं. चार बोटं रुंद.

"नाव तेच, साल वेगळं," ते म्हणाले. "भाऊ आहे, पण सख्खा नाय. चुलत."

"कापून बसवता येणार नाही?"

"मधला उभार कापावा लागेल. टोपी बसत नाय म्हणून डोकं तासल्यासारखं होईल ते, साहेब." माझं तोंड बघून त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी विडी विझवली. "एक काम करा. जुनं झाकण आहे ना? ते आणा. मी नव्या पत्र्यातून हाताने घडवतो. आठ दिवस द्या. फुटलेलं असलं तरी चालेल. उभार कुठे उठतो, कड कुठे वळते, बिजागरीला किती तिरकं जातं, ते सगळं त्याच्यातच लिहिलेलं असतं. त्याच्याशिवाय मात्र ब्रह्मदेव आला तरी जमणार नाय."

पासिंगला सतरा दिवस होते. मी तिथूनच एस.टी. पकडून गावी गेलो.

बाबा अंगणातच होते. मला बघून ते उठले आणि पडवीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत झाकण होतं. ते चकाकत होतं.

पाऊस संपला की आमच्याकडे अंगण करतात. खणायचं, माती पसरायची, पाणी मारायचं आणि मग लाकडी चोपण्याने चोपून चोपून सपाट करायचं. बाबांच्या हातचं अंगण वाडीत नावाजलेलं आहे. त्यावर पाणी ओतलं तर कुठे डबकं होत नाही. बाबांनी त्याच चोपण्याने झाकण चोपलं होतं. दुपार दुपार बसून. मोडलेला कोपरा सरळ केला होता, घडी काढली होती, आणि घडीबरोबर उभारही, कडाही, नंबर प्लेटची खाचही. उरलासुरला रंग आणि लांबी खरवडून टाकली होती. गंजाची भोकं तेवढी राहिली होती. त्यावर त्यांनी रॉकेलचं फडकं फिरवलं होतं. ते झाकण आता एक सपाट पत्रा होतं. इतका सपाट पत्रा मी दुकानातसुद्धा पाहिला नाही.

"बघ," बाबा म्हणाले. "कुठं खळगा हाय काय?"

मी हात फिरवला. कुठेही खळगा नव्हता.

त्यांच्या उजव्या मनगटाला सूज होती, फडकं बांधलं होतं. आई दारातून म्हणाली, "चार दिस नुसतं ठाक ठाक ठाक. जेवायला उठला नाय माणूस. माज्यामुळं गुर्जींची गाडी मोडली म्हंतो."

मी बंदरावर रोज शेकडो कागदांतल्या चुका काढतो. मी परत एकदा पत्र्यावर हात फिरवला.

"छान झालंय," मी म्हणालो.

"मग ने ना. बसव."

"आज नको. एस.टी.त गर्दी आहे. राहू दे थोडे दिवस."

मी मिस्त्रींना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. "कोणी केलं?"

"वडिलांनी."

"काम सफाईचं आहे हां," ते म्हणाले, अगदी मनापासून. मग मोबाइल परत दिला. "आता ह्याचं कोंबड्यांच्या खुराड्याला दार करा."

सर विचारू लागले होते. "अरे, किती दिवस सर्व्हिसिंग? गाडी आहे की माणूस?" शेवटी मी गाडी तशीच, झाकणाविना, परत आणली. अंगणात ती नेहमी तोंड आत करून लावायचो. त्या दिवशी उलटी लावली, मागची बाजू भिंतीला टेकेल अशी, आणि वरून ताडपत्री घातली. रिव्हर्स घेताना मागे कुणी उभं नव्हतं. एकाही ठिकाणी लागलं नाही.

सर पायरीवरून बघत होते. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. "आज उलटी?"

"पासिंगला न्यायला सोपं, सर."

"शहाणा आहेस," सर म्हणाले.

ही दोन वाक्यं मला अजून ऐकू येतात, माझंही आणि त्यांचंही.

पुढच्या रविवारी सकाळी मी सरांकडे गेलो. सांगून टाकायचं ठरवलं होतं. पासिंगला आठ दिवस होते आणि आता हातात काहीच नव्हतं. फाटक उघडलं तर ओट्यावर बाबा बसलेले. शेजारी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी उभं टेकवलेलं. मी न्यायला विसरलो असं त्यांना वाटलं होतं, म्हणून ते स्वतः घेऊन आले होते. एस.टी.त कंडक्टरने बसू दिलं नाही म्हणून रत्नागिरीपर्यंत मागच्या दाराशी ते धरून उभे होते. आंब्याची पेटी नाही, तांदळाची गोणी नाही. सरांच्या घरी बाबा आजवर कधी काही घेतल्याशिवाय आले नव्हते, आणि जे आणत ते काकूंच्या हातात देऊन लगेच निघत. आज ते बसले होते.

मी पोचलो तोवर सगळं सांगून झालं होतं. बाबांना वाटत होतं, सरांना माहीत आहे.

"चूक माजी, गुर्जी," बाबा म्हणत होते. "पोरगा बरोबर आणत व्हता. मीच चाकाकडं बघत ऱ्हायलाव."

सर माझ्याकडे बघत नव्हते. मी ओट्याच्या खाली उभा राहिलो, जसा शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभा राहायचो. पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. त्या दिवशी उचलावा असं मला वाटत होतं.

त्यांनी बाबांना विचारलं, "गाडी वाडीत आली तेव्हा माणसं जमली होती का?"

"तर! आख्खी वाडी."

"आणि तुमची मंडळी? ती होती का?"

"तिनं कुंकू लावला की."

"मग बरं झालं," सर म्हणाले. अजूनही माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "मला सांगितलं असतं तर मीही आलो असतो. पुढे बसून."

काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्या हातात कप दिला.

बाबांनी लुगडं सोडलं. सरांनी पत्रा दोन्ही हातांनी घेतला, मांडीवर आडवा ठेवला आणि त्यावर तळहात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मधोमध, जिथे तो उभार होता, तिथे त्यांचा हात थांबला. त्यांच्या भावाची गाडी ते रोज पुसत आले होते. त्यांच्या हाताला ते कळलं असणार. हात पुढे गेला.

"सुंदर केलंय तुम्ही," सर म्हणाले. "एवढं मला जमलं नसतं."

बाबांचा चेहरा उजळला. "बसवू या तर!"

मी ताडपत्री काढली. गाडी पुढे घेतली. पासिंग होणार नाही, मे संपेल, पुण्याहून फोन येईल आणि गणपतीनंतर कधीतरी गाडी जाईल, हे आमच्यापैकी दोघांना त्या क्षणी ठाऊक होतं. तसंच झालं. पण त्या सकाळी बाबांनी पत्रा डिकीच्या तोंडावर ठेवला आणि दोन्ही हातांनी डावी बाजू दाबली. उजवी बाजू उठली. मी उजवी दाबली, तर मधे फट पडली.

"गुर्जी, तुमी मदी धरा," बाबा म्हणाले.

सर चष्मा सावरत पायऱ्या उतरले आणि मधे उभे राहिले. बाबा डावीकडे, सर मधे, मी उजवीकडे. तिघांनी दाबून धरलं की बसल्यासारखं वाटायचं. कुणाचाही हात जरा सैल झाला की पत्रा टणकन उठायचा.

"जरा जोर लाव रं," बाबा मला म्हणाले.

"लावतोय, बाबा," मी म्हणालो, आणि लावत राहिलो.